अप्पा थांबतील की नाही

आमच्या घरात कुणाला हाक मारायची पद्धत नव्हती. अप्पा, म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर होते आणि शिफ्ट फिरती असल्यामुळे घरात ते कधी झोपलेले असतील याचा नेम नसे. कॉलनीतल्या बहुतेक क्वार्टरांत हीच तऱ्हा. आई कुकरची शिट्टी वाजायच्या आत ती चमच्याने अलगद उचलून धरायची, स्टीलची भांडी फडक्यावर पालथी घालायची, भाकरी थापायची तीसुद्धा हलक्या हाताने, म्हणून आमच्या भाकऱ्या नेहमी जरा जाड. बाहेर कूलिंग टॉवरमधून चोवीस तास पाणी कोसळत असायचं. तो आवाज आम्हाला ऐकूही यायचा नाही, पाहुणे मात्र आले की विचारायचे, पाऊस पडतोय का? माणूस झोपला असेल तर उठवायचा नाही आणि कागदावर वाकला असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, हे मी चालायला लागले तेव्हापासून शिकले. कारण अप्पा दर तासाला वीसेक मीटरांची रीडिंगं घेऊन मोठ्या छापील शीटवर भरत आणि त्यांचं म्हणणं असं, की एक आकडा चुकला तर पुढच्या माणसाची फसगत होते. घरीसुद्धा ते काही लिहीत असले की आम्ही मायलेकी चवड्यांवर चालायचो. या सवयीनेच पुढे आमचा घात केला, म्हणून ती आधी सांगितली.

ते पुस्तक अप्पांनी नाशिकरोडच्या एका रद्दीवाल्याकडून आणलं. जाड इंग्रजी पुस्तक, कव्हर गेलेलं, पहिली काही पानं गायब. अप्पा डिप्लोमावाले. गणित शिकायची त्यांची फार इच्छा होती, पण दोन बहिणींची लग्नं आडवी आली आणि ते नोकरीला लागले. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते एकेक पान वाचत आणि कळलं की मला सांगायला स्वयंपाकघरात येत. त्या दिवशी आई कुळथाची शेंगोळी करत होती. अप्पा ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "विजू, आमच्या पॅनेलवर अलार्म कशाला असतो?"

"काही बिघडलं तर कळायला."

"हां. आता समज, एखाद्या यंत्राला एक काम लावून दिलंय. ते कधीतरी संपणार आहे, की असंच चालत राहणार आहे, हे आधीच सांगणारा अलार्म बनवायचा. कुठल्याही कामाला चालेल असा. हे पुस्तक म्हणतं, बनवताच येणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. सिद्ध करून दाखवलंय."

"मग काय करायचं?"

"बघत बसायचं," अप्पा म्हणाले आणि हसले. आईने शेंगोळ्यांत पाणी ओतलं आणि ती म्हणाली, "आमाला काय नवं हे त्यात? तुमी कधी घरी येता ते कुठं आधी कळतंय?" आम्ही तिघंही हसलो. पुढे मी हाच विषय इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवला. पोरांना तो पाच मार्कांचा प्रश्न वाटतो आणि त्यांचं बरोबरच आहे. मला मात्र ती सिद्धता फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ असली की बरं वाटायचं.

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाने अप्पांना धरलं. तो जो नकार होता तो साध्या यंत्रांपुरता, म्हणजे नियम पाळत एकेक पायरी चालणाऱ्या यंत्रांपुरता होता. शेवटच्या प्रकरणात विचारलं होतं, की त्यांच्या पलीकडचं यंत्र असलंच तर कसं असेल? त्यातलं एक असं, की पहिल्या पायरीला जितका वेळ लागला त्याच्या निम्मा दुसरीला, त्याच्या निम्मा तिसरीला. अप्पांनी मला ते टाळ्या वाजवून दाखवलं. दुपारची वेळ, आई बाहेर गच्चीवर कुरडयांवर वाळवणाची साडी झाकत होती. घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला तशी अप्पांनी टाळी वाजवली. अर्ध्या मिनिटाने दुसरी. मग पंधरा सेकंदांनी, मग सात-आठ. मग टाळ्या एकमेकींना चिकटत गेल्या, एकदम दाट झाल्या, आणि काटा पुन्हा बारावर आला तेव्हा त्यांनी हात हवेत थांबवले.

"मोजता येणार नाहीत इतक्या टाळ्या," ते म्हणाले, "आणि एका मिनिटात सगळ्या संपल्या. असं यंत्र मिळालं तर बघत बसायला नको. मिनिटभर थांबायचं, की कळलं. फक्त मला सांग, मिनिट संपलं त्या क्षणी हात जुळलेले होते की सुटे?"

ते दोन्ही तळव्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवून बघत बसले. आई कुरडया झाकून आत आली, हातपाय धुऊन तिने चहा टाकला, चहा झाला, तरी ते हात तसेच होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. माझ्या अप्पांची, ज्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं.

मे महिन्यात त्यांनी शिल्लक रजा घेतली. घराला रंग द्यायचा म्हणून घेतली होती, डबेही आणून ठेवले होते. पण रजेच्या पहिल्याच दिवशी सकाळी त्यांनी वही उघडली आणि मला एक खेळ दाखवला. कुठलाही आकडा घ्यायचा. सम असला तर निम्मा करायचा, विषम असला तर तिप्पट करून एक मिळवायचा. जो येईल त्याला पुन्हा तेच. सातपासून निघालो तर बावीस, अकरा, चौतीस असं वर-खाली होत शेवटी आपण एकावर येतो आणि खेळ संपतो. आजवर ज्याने जो आकडा घेतला तो एकावर आलाय, पण सगळेच येतात का, हे कुणाला सांगता आलेलं नाही. अप्पांनी आकडा घेतला तो एका तासाच्या शीटवरची सगळी रीडिंगं एकापुढे एक लिहून. पन्नासेक अंकी. "हा माझा आकडा," ते म्हणाले. "हा थांबतो का बघू."

पहिले दोन दिवस आम्ही खूश होतो, हे आज लिहितानाही लाज वाटते. माणूस घरात आहे, कुठे जात नाही, टेबलाशी बसून शांतपणे लिहितोय. आई चहाचा कप न वाजवता ठेवायची, गार झालेला न वाजवता उचलायची. शेजारणी आल्या की ती ओठांवर बोट ठेवायची. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोने तिसऱ्या तासाला वही हिसकावून घेतली असती आणि रंगाचा ब्रश हातात दिला असता. आम्ही शिफ्टवाल्याच्या घरातली माणसं, आम्ही त्याला ड्यूटीवर धरून चाललो. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ते जेवायला उठलेच नाहीत. पाचव्या दिवशी ते झोपलेले मला दिसले नाहीत. मी पाणी द्यायच्या निमित्ताने वहीत डोकावले. पहिल्या पानांवरचे आकडे त्यांच्या नेहमीच्या अक्षरातले, शीटवर असायचे तसे ठसठशीत. पुढे ते लहान झाले होते. त्याच्या पुढच्या पानांवर त्याच्या निम्मे. ते प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा कमी वेळात करायला बघत होते. मी पाहिलं त्या पानावर आकडे मुंग्यांएवढे होते आणि पेन कागदावरून सुटत नव्हतं.

"अप्पा, पाणी."

ते वर बघेनात. ओठ हलत होते. मी खांद्याला हात लावला तर खांदा थरथरत होता, थंडी वाजल्यासारखा, मे महिन्यात. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आईने त्यांना गदागदा हलवलं, रडली, "अहो, माज्याकडं बगा तरी," म्हणाली. तिने वही ओढली तेव्हा ते टेबलावरच लिहायला लागले. आईने वही मुकाट्याने परत सरकवली. दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन गेले, झोपेच्या गोळ्या देऊन गेले. गोळी तोंडात धरून अप्पा लिहीत राहिले आणि ती ओघळून वहीवर पडली.

शेजारणी रोज विचारायच्या, आज कसं आहे? आई रोज सांगायची, आज बरंय. दुसऱ्या दिवशी म्हणायची, काल नव्हतं बरं, पण आज बरंय. त्या पुस्तकात असंही एक यंत्र होतं, जे आपलं उत्तर बदलत राहतं. कधीतरी ते बदलायचं थांबतं आणि ते शेवटचं उत्तर बरोबर असतं, पण हेच शेवटचं, असं ते यंत्र कधी म्हणू शकत नाही. मी दाराआडून आईचं बोलणं ऐकायचे.

आईचं माहेर निफाडकडचं. सातव्या दिवशी मला घरी ठेवून ती सकाळच्या गाडीने गेली आणि गावच्या भैरोबाला कौल लावून आली. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हे थांबतील, डावी पडली तर नाही. ती सांजेला परत आली आणि पायरीवरच बसली. मी विचारलं, "काय झालं?"

"एकबी नाय पडली," ती म्हणाली. "गाडीची वेळ होईस्तोवर बसले. गुरव म्हणला, देव आज बोलत नाय."

अप्पांच्या पुस्तकात कौलाचंही यंत्र होतं. त्याला विचारलं की ते हो किंवा नाही सांगतं, कसं सांगतं ते विचारायचं नाही. पण ते सांगतं तरी. आईचा देव सांगत नव्हता, म्हणजे आता विचारायला कुणीच उरलं नाही, असं मला वाटलं आणि मी तिच्या शेजारी पायरीवर बसून मोठ्याने रडले. हाक मारायची नाही त्या घरात मोठ्याने रडले, तरी टेबलाशी बसलेला माणूस हलला नाही. सोमवारी रजा संपत होती. या अवस्थेत ते पॅनेलपुढे जाऊन बसले तर काय, ही एक भीती होती. पण तिच्याखाली दुसरी होती, ती मी आईलाही सांगितली नाही. मला वाटत होतं, की अप्पा सोमवारपर्यंत जगणार नाहीत. त्यांच्या मनगटाचं हाड वर आलं होतं.

शनिवारी दुपारी बोराडेकाका आले. अप्पांच्या नंतरच्या शिफ्टला तेच असायचे. अप्पा उठले की त्याच खुर्चीवर ते बसायचे, असं अकरा-बारा वर्षं चाललेलं. दारातूनच त्यांनी अप्पांना पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. आत यायला ते धजावेनात. मी पाणी घेऊन बाहेर गेले तर म्हणाले, "लय वाईट दिसतंय गं पोरी. मी त्याला असा एकदाच पाह्यलाय."

"कधी?"

"माझी यष्टी चांदोरीच्या पुढं बंद पडली होती तवा. पाच तास लेट पोचलो. तुझा अप्पा आपला बसलेला. साहेब म्हणत होता, तू जा, मी बसतो. तर म्हणतो कसा, साहेब, तुमी रिलिव्हर नाय. लघवीला सुदीक उठला नाय. आमचा नियमच हे, रिलिव्हर आल्याबिगर खुर्ची सोडायची नाय. पण येवढा कोणी पाळत नाय."

"मग उठले कसे?"

"कसे म्हंजे? मी आलो ना. डाव्या अंगाला हुबा राह्यलो, शेवटचं रीडिंग वाचलं, सही केली. तसा उठला आन् जेवाया बसला."

मी म्हटलं, "काका, तुम्हीच घ्या ना चार्ज." त्यांनी मान हलवली. त्यांना त्या वहीतलं काही कळत नव्हतं आणि ज्याला रीडिंग वाचता येत नाही त्याच्या हाती अप्पा पॅनेल देणार नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. घरात तो हिशेब येणारी मी एकटीच होते. काकांनी ओसरीवर मला शब्द पाठ करून घेतले, काय म्हणायचं, कुठे उभं राहायचं, सही कुणी आधी करायची.

रविवारी दुपारी मी केस विंचरून घट्ट वेणी घातली आणि घरात कधी घालत नाही त्या चपला घालून अप्पांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. आई पिठलं-भाकरीचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वहीत आता आकडे नव्हतेच, आडवी बारीक निळी रेघ होती, ओळीमागून ओळ. मी टेबलाची कड धरली.

"रिलिव्हर आलाय," मी म्हणाले.

पेन चालू होतं. मी पुन्हा म्हणाले. मग अप्पा मान वर न करता, पार घोगऱ्या आवाजात, रागाने म्हणाले, "उशीर झाला."

"गाडी बंद पडली होती," मी म्हणाले. "रीडिंग सांगा."

त्यांनी सांगितलं. एकेक अंक, न अडखळता, पन्नासच्या वर अंक, आणि मी ते नव्या पानावर मोठे मोठे लिहून घेतले. लिहून झाल्यावर मी ते परत वाचून दाखवले, काकांनी सांगितलं होतं तसं. एका जागी माझी चूक झाली होती, ती त्यांनी दुरुस्त केली. मी विचारलं, "काही विशेष?" ते म्हणाले, "शेवटचा सात. विषम." मग त्यांनी सही केली. त्याखाली मी केली. अप्पा टेबलावर दोन्ही हात टेकून उठले, भिंत धरत भिंत धरत गेले आणि आईच्या पुढ्यात पाटावर बसले. आईने घास भरवायला हात पुढे केला तर म्हणाले, "मला येतं जेवता." दीड भाकरी खाल्ली. खाताना त्यांची नजर माझ्यावर होती. चार्ज घेतलेला माणूस नुसता बसलेला त्यांना चालला नसता, म्हणून मी तिप्पट करायला घेतली. एकवीसला एक, हातचे दोन. मग ते आतल्या खोलीत गेले आणि पलंगाची कुरकुर मला ऐकू आली.

ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. रजा आठवडाभर वाढवली, मग कामावर गेले, पुढे बरीच वर्षं गेले, रिटायर झाले, नातवंडांना टाळ्या वाजवून काही दाखवलं नाही. त्यांनी वहीबद्दल मला कधीही विचारलं नाही, कारण चार्ज दिल्यावर मागे वळून विचारायचं नसतं. लोकांना मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आले. ऐकणारे म्हणतात, वा, काय डोकं चालवलंस. मी हसते.

पण त्या रविवारी आतून घोरणं ऐकू आलं तेव्हा मी पेन खाली ठेवायला हवं होतं. आता बघणारं कुणी नव्हतं. मी ठरवलंही होतं, की ते झोपले की वही कपाटात टाकायची. आलेला आकडा सम होता, म्हटलं निम्मा करायला कितीसा वेळ लागतो. तो निम्मा केल्यावर पुन्हा सम आला. मग विषम. आकडा एका अंकाने कमी झाला आणि मला वाटलं, हा उतरणीला लागला. मग तो पुन्हा वर चढला, तेव्हा वाटलं, निदान होता तिथे तरी आणून ठेवू. पहिल्या ओळींपेक्षा हात आता भराभर चालत होता आणि ते मला छान वाटत होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खूप छान वाटत होतं. भीती गेली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भीती गेली होती.

केव्हातरी माझ्या वहीवर सावली पडली. आई समोर उभी होती. ती बराच वेळ मला हाका मारत होती, मोठमोठ्याने, नाव घेऊन, असं तिने नंतर सांगितलं. दिवे लागायची वेळ झाली होती. मी दुपारी बसले होते.

"विजू," ती म्हणाली, "आता तुज्या जागी कोण येनार?"

तिचा आवाज फाटला होता. ते मला ऐकू आलं, प्रश्नही समजला, आणि त्याला उत्तर नाही हेही समजलं, कारण आईला भाकरीच्या पलीकडे हिशेब येत नव्हता आणि अप्पांना परत त्या खुर्चीत बसवायचं नव्हतं. पण मी तिप्पटीच्या मध्यावर होते आणि हातचे दोन होते. ते विसरेन म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही.